गोमंतकातील चार दिवस आणि भाड्याची मोटार

गोमंतक म्हटले की आजकाल बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा उभा राहतो. परंतु महाराष्ट्रातील व कोकणातील अनेक घराण्यांची कुलदैवते ज्या भूमीत आहेत, त्या भूमीकडे जाण्याचा आमच्या वडिलांच्या काळचा हेतू निराळा असे. त्या वेळी बोटीने अथवा घाटातून गाडीने लोक जात, देवाचा अभिषेक करीत, भटजींच्या घरी उतरत व प्रसाद घेऊन परत येत. आता कोकण रेल्वेने रात्री निघालेला मनुष्य सकाळी मडगावी उतरतो. तेथून पुढे मात्र देवळे एकमेकांपासून दूर, रस्ते आडवळणी, आणि सार्वजनिक गाड्यांच्या वेळा आपल्या सोयीच्या नसल्यामुळे वृद्ध माणसांस बरोबर घेऊन हिंडणे कठीण जाते. याकरिता आपण स्वतः चालवावयाची मोटार भाड्याने घेण्याची पद्धत गोमंतकात सर्वत्र रूढ झाली आहे. या पद्धतीच्या सोयी पुष्कळ आहेत. तिच्यातील एक गैरसोयही कुटुंबवत्सल वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. म्हणून आमच्या चार दिवसांच्या प्रवासाचे वर्णन करताना त्या गैरसोयीचाही सविस्तर वृत्तान्त देण्याचे आम्ही योजिले आहे.

कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर आम्ही निघालो. मातोश्री, ज्येष्ठ बंधू अण्णा व वहिनी, त्यांचा मुलगा, धाकटी पुतणी आणि आम्ही उभयता अशी सात माणसे होतो. मोटार चालविण्याचे काम अण्णांच्या मुलाकडे होते. मडगाव स्थानकाजवळ एका व्यावसायिकाने सात आसनांची मोटार आणून उभी केली. गोमंतकात अशा भाड्याच्या मोटारीची ओळख सोपी आहे. तिच्या क्रमांकाची पाटी काळी असून अक्षरे पिवळी असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये व १९८९ च्या योजनेनुसार ज्यांस परवाना मिळाला आहे, त्यांनाच अशी मोटार चालकावाचून भाड्याने देता येते. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार स्वस्तात देऊ करणारे लोकही स्थानकाबाहेर भेटतात. ती कधीही घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न निघतो व भाडेकरूची अवस्था त्रिशंकूसारखी होते.

व्यावसायिकाने पाच हजार रुपये अनामत घेतली आणि बारीक अक्षरांतील एक करारनामा सहीसाठी पुढे केला. त्याने मूळ आधारपत्र ठेवून घेण्याचाही आग्रह धरला. अण्णांनी प्रत दिली, मूळ कागद दिला नाही. तेवढ्यात धाकट्या पुतणीने मोबाईलवर मोटारीभोवती एक फेरी मारून चलचित्र घेतले. चारही बाजू, चाके, काचा, आतील आसने, इंधनाचा काटा व किलोमीटरचा आकडा इतके सर्व त्यात आले. ही तिची हौस नव्हे. तिच्या मैत्रिणीस पूर्वी त्रास झाला होता व तिने हे शिकवून ठेविले होते.

मडगावहून फोंड्याकडे जाताना बोरीच्या पुलावरून जुवारी नदी ओलांडावी लागते. हेच कविवर्य बा. भ. बोरकरांचे गाव. पात्र रुंद, पाणी संथ, दोन्ही तीरांवर माडांच्या रांगा. पलीकडे अंत्रुज महाल लागतो. गोमंतकातील बहुतेक मोठी देवळे याच एका लहानशा भागात एकवटली आहेत, आणि याचे कारण इतिहासात आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश हे प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते व तेथे देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले. फोंडा त्या वेळी त्यांच्या अमलाखाली नव्हता. तो त्यांच्याकडे अठराव्या शतकात गेला. म्हणून भाविकांनी आपापल्या देवता नदी ओलांडून इकडे आणिल्या. कुशस्थळीचा, म्हणजे आताच्या कुठ्ठाळीचा, मंगेश १५६० साली प्रियोळास आला. वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. देव घेऊन आलेल्या लोकांस येथील गावकऱ्यांनी जागा दिली, आणि दुसऱ्याची ती ठेव आपल्या देवाप्रमाणे सांभाळली.

कवळ्याचे सध्याचे देऊळ छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुरस्काराने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. डोंगराच्या पायथ्याशी तांबड्या रंगाचे शिखर, समोर तळी, आणि सकाळच्या वेळी नगारखान्यातून येणारा चौघडा यांमुळे मन निवून जाते. मातोश्रींनी ओटी भरली. त्यांचे पाय दुखत असल्यामुळे मोटार देवळाच्या अगदी जवळ नेता आली, याचे त्यांस फार समाधान वाटले. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ व म्हार्दोळचा पितळी दीपस्तंभ आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. या सर्व गावांतून रस्ते अरुंद आहेत. दोन्ही अंगांस जांभ्या दगडाचे गडगे असून वळणावर समोरून बस आली की मोटार गडग्याला घासते की काय अशी धास्ती वाटते. पुतण्याने मोटार फार जपून चालविली. एके ठिकाणी तर वहिनी स्वतः खाली उतरून पुढे चालल्या व तो त्यांच्या हातवाऱ्यांवर मोटार आणीत होता.

तिसऱ्या दिवशी जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर गेलो. व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ मांडवीच्या धक्क्यावर उतरतो. तेथे फेरीबोट येते, लोखंडी फळी खाली पडते, आणि मोटारी, दुचाक्या व माणसे एकदम आत शिरतात. दिवाडी अद्याप शांत आहे. शेतांच्या कडेने नारळीची झाडे, जुनी पोर्तुगीज वळणाची घरे, टेकडीवर पियेदाद देवालय. त्याच टेकडीवर कदंबांच्या कुलदेवतेचे, सप्तकोटेश्वराचे, स्थान होते असे सांगतात. बेटाच्या दुसऱ्या टोकास पुन्हा फेरीबोट घेऊन पलीकडे गेले की डिचोली महालातील नार्वे गाव लागते. दिवाडीवरील देऊळ मोडल्यावर सप्तकोटेश्वर येथे आला, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करविला. दारावरील शिलालेख अद्याप ती साक्ष देतो. गोवा सरकारने अलीकडे डागडुजी करून २०२३ साली हे देऊळ पुन्हा लोकांसाठी उघडले. पाहणाऱ्यांची गर्दी नसल्यामुळे आम्हांस तेथे तासभर निवांत बसावयास मिळाले.

नार्व्याच्या धक्क्यावर ओहोटी होती व फळीचा उतार नेहमीपेक्षा उभा झाला होता. मोटार वर चढताना पुढील बंपरची खालची कड घासली व आवाज झाला. पुतण्याने संध्याकाळी आपण होऊन अण्णांस सांगितले, “कड घासली आहे. खरचटल्यासारखे दिसते. परत देताना सांगू.” ही गोष्ट पुढील हकिगतीस महत्त्वाची आहे म्हणून येथे नमूद करितो.

चौथ्या दिवशी दुपारी मोटार मडगावी परत केली. रेल्वेस दोन तास अवकाश होता. पुतण्याने प्रथमच बंपरची गोष्ट सांगितली. व्यावसायिकाने वाकून पाहिले, मग तो डाव्या बाजूच्या मागील दाराकडे वळला आणि तेथील वीतभर ओरखड्यावर बोट ठेवून म्हणाला, “हा पण तुमचाच.” त्याने कागदावर हिशेब मांडला. दार रंगविण्याचे ६,५०० रुपये, बंपरचे ४,५०० रुपये, आणि मोटार तीन दिवस बंद राहील म्हणून दर दिवशी १,५०० प्रमाणे ४,५०० रुपये, एकूण १५,५००. अनामत वजा जाता १०,५०० रुपये त्याने तेथल्या तेथे मागितले.

अशा प्रसंगी घरातील माणसांचे स्वभाव दिसतात. अण्णा मूळचे भिडस्त. ते आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, “देवदर्शनाला आलो आहोत. गाडी चुकली तर आईचे हाल होतील. देऊन टाकू आणि मोकळे होऊ.” पुतण्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “बाबा, बंपर माझ्या हातून घासला, तो मी सांगितला. दार माझ्या हातून घासलेले नाही. तुम्ही पैसे दिलेत तर मी खोटे बोललो असा त्याचा अर्थ होईल.” अण्णा गप्प झाले. मातोश्री बाकावर बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “जे आपले आहे ते द्या. जे आपले नाही ते देऊन मुलाच्या नावावर डाग घेऊ नका.”

पुतणीने मोबाईल पुढे केला. पहिल्या दिवशीच्या चलचित्रात तेच दार होते, तोच ओरखडा होता, आणि त्याच्या खाली असलेला पांढरा ठिपकाही तसाच होता. चित्रणाची तारीख व वेळ त्याबरोबर नोंदलेली होती. व्यावसायिकाने ते पाहिले न पाहिल्यासारखे केले व करारनाम्यातील एक ओळ दाखविली. “कोणत्याही नुकसानीबद्दल मालकाचा निर्णय अंतिम राहील” असा तिचा आशय होता. आम्ही शांतपणे तीन गोष्टी मागितल्या: दुरुस्तीचे कारखान्याचे बिल, मोटार आमच्या ताब्यात देतानाची त्यांची छायाचित्रे, आणि मोटारीच्या विम्याचा तपशील. यांपैकी एकही त्याच्याजवळ नव्हते. आम्ही परतीच्या कागदावर “बंपरची कड घासल्याचे मान्य, दाराच्या ओरखड्याची मागणी अमान्य, रक्कम हरकत राखून” असे लिहून सही केली, त्या कागदाचे छायाचित्र घेतले, आणि अनामत त्याच्याकडेच ठेवून गाडी गाठली. अधिक एकही रुपया दिला नाही.

पुण्यास परतल्यावर पुतण्याने व आम्ही मिळून कायद्याची पुस्तके चाळली. त्यांतून जे हाती लागले ते वाचकांस उपयोगी पडेल.

मोटार भाड्याने घेणे हा १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या भाषेत निक्षेपाचा प्रकार होय. दुसऱ्याची वस्तू काही काळ आपल्या ताब्यात ठेवून, काम झाल्यावर ती परत करावयाची, असा हा व्यवहार आहे. त्याचे नियम १४८ व्या कलमापासून दिले आहेत. घेणाऱ्याने सामान्य शहाणा मनुष्य आपल्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घ्यावी, असे १५१ वे कलम सांगते. तितकी काळजी घेतली असता, व करारात विशेष अट नसता, झालेल्या नुकसानीस तो जबाबदार नाही, असे १५२ वे कलम म्हणते. १५० व्या कलमात देणाऱ्याचेही कर्तव्य सांगितले आहे: वस्तूतील दोष ठाऊक असतील तर ते त्याने घेणाऱ्यास सांगावेत, आणि वस्तू भाड्याने दिली असेल तर दोष त्यास ठाऊक नसला तरी त्यामुळे झालेल्या नुकसानीस तोच जबाबदार राहतो. घेणाऱ्यावरची जबाबदारी सर्वांस माहीत असते. देणाऱ्यावरचीही आहे, हे फार थोड्यांस माहीत असते.

मग “मालकाचा निर्णय अंतिम” या ओळीचे काय? करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे लिहून ठेविले असले तरी ७४ व्या कलमान्वये मिळावयाची ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही केवळ वरची मर्यादा असते. जेथे नुकसान सिद्ध करता येण्यासारखे आहे तेथे ते सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर अवाच्या सवा अनामत घेणे व नुकसानीशी काहीच प्रमाण नसलेला दंड लावणे या गोष्टी अन्याय्य कराराच्या व्याख्येतच घातल्या आहेत.

नुकसानीचा आकडा मोजण्याचीही रीत आहे. जुन्या वस्तूस नव्या वस्तूचे मूल्य द्यावयाचे नसते. आपल्याकडील मोटारविम्यात रबर व प्लास्टिकच्या भागांवर सामान्यतः ५० टक्के घसारा वजा करितात. धातूच्या भागांवरील घसारा मोटारीच्या वयाप्रमाणे वाढत जातो. बंपर हा आजकाल प्लास्टिकचा असतो. तेव्हा नव्या बंपरची पूर्ण किंमत भाडेकरूकडून मागणे न्यायाचे नव्हे. तसेच मालकाने विमा कंपनीकडून भरपाई घेतली असेल, तर तीच रक्कम पुन्हा भाडेकरूकडून घेणे म्हणजे एका ओरखड्याची दोनदा किंमत वसूल करणे होय. मोटार बंद राहिल्याचे नुकसान मागावयाचे असेल तर ती खरोखर कारखान्यात होती व तेवढे दिवस तिला गिऱ्हाईक होते, हे नोंदवहीवरून दाखविले पाहिजे. आणि अंदाजपत्रक म्हणजे बिल नव्हे. अंदाजपत्रक कोणासही पाच मिनिटांत मिळते. बिलावर कारखान्याचे नाव, दिनांक, वस्तू व सेवा कराचा क्रमांक आणि केलेल्या कामाचा तपशील असतो.

हे सर्व आम्ही एका पत्रात लिहिले. भाषा सौम्य ठेविली. बंपरची दुरुस्ती बिलाप्रमाणे देण्यास तयार आहोत, दाराची मागणी आमच्याजवळील चित्रणावरून निराधार ठरते, तरी उरलेली अनामत पंधरा दिवसांत परत करावी, असे कळविले व चलचित्रातील दोन चित्रे जोडली. उत्तरादाखल एक अंदाजपत्रक आले. मग आम्ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीकडे, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदविली. ही मदतवाहिनी न्यायनिवाडा करीत नाही. ती तक्रार प्रतिपक्षापर्यंत पोचविते व तडजोडीचा यत्न करिते. परंतु सरकारी क्रमांकाची तक्रार आली म्हणजे पुष्कळांची वृत्ती पालटते. तीन आठवड्यांनी व्यावसायिकाने स्वतः दूरध्वनी केला. बंपर रंगविल्याचे १,८०० रुपयांचे बिल त्याने पाठविले. ते वाजवी होते. आम्ही लगेच मान्य केले. उरलेले ३,२०० रुपये त्याने परत धाडिले. दाराचा व बंद दिवसांचा उल्लेख पुन्हा झाला नाही.

तडजोड झाली नसती तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा होता. नव्या कायद्याने तक्रारदारास आपल्या राहत्या गावच्या आयोगापुढे दाद मागता येते. पुण्याच्या माणसास त्यासाठी मडगावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावयाची असते. पतपत्रावर रक्कम अडकवून ठेविली असेल तर बँकेकडे लेखी हरकत घेण्याचीही सोय आहे. मात्र ती लवकर घ्यावी लागते.

गोमंतकात, किंवा अन्यत्र कोठेही, अशी मोटार घेणाऱ्या कुटुंबांस आम्ही इतकेच सुचवू. मोटार ताब्यात घेण्यापूर्वी भर उजेडात तिच्याभोवती चलचित्र घ्यावे; छप्पर, चाकांच्या कडा, बंपरची खालची बाजू व काचा विसरू नयेत. जुने ओरखडे करारनाम्यावरच लिहवून घ्यावेत. विम्याच्या कागदावर तारीख पाहावी आणि अपघात झाल्यास आपणांस किती सोसावे लागेल हे विचारावे. मूळ ओळखपत्र कोणाकडे ठेवू नये. परत करताना पुन्हा तसेच चलचित्र घ्यावे, व शक्य तर गाडीच्या वेळेपूर्वी पुरेसा अवकाश ठेवावा. कारण आपली घाई हेच अन्याय्य मागणी करणाऱ्याचे मुख्य बळ असते. काही घासले असेल तर आपण होऊन सांगावे. खरे सांगितलेल्या एका गोष्टीमुळे नाकारलेल्या दुसऱ्या गोष्टीस वजन येते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

या एका प्रसंगावरून गोमंतकातील सर्व व्यावसायिकांस दोष देणे अनुचित होईल. म्हार्दोळास टायर बसला तेव्हा एका दुकानदाराने स्वतःचा पंप आणून दिला व पैसे घेतले नाहीत. आमच्या मोटारीच्या मालकासही मोटारीचे हप्ते, पावसाळ्यातील रिकामे दिवस व बेपर्वा गिऱ्हाइके यांची काळजी असेलच. पण त्या काळजीचे ओझे प्रामाणिक माणसावर टाकण्याचा अधिकार त्यास पोचत नाही. आलेल्या ३,२०० रुपयांतून अण्णांनी १,१०१ रुपये सप्तकोटेश्वराच्या अभिषेकासाठी बाजूस काढिले आणि उरलेले पुतण्याच्या हाती दिले. “पुढच्या वर्षी तांबडी सुर्ल्यास जाऊ,” असे ते म्हणाले, “आणि मोटार तूच चालव.”